कास्टिंग, मशिनिंग, पॅटर्न: ड्रॉइंग तीन, रेघ एकच

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही जॉबशॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करून देणाऱ्या कारखान्यात) बघा, ड्राफ्ट्समनचा वेळ रेघा ओढण्यात जात नाही. पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, सुधारित ड्रॉइंग आलं की तोच बदल कास्टिंग (ओतीव भाग), मशिनिंग (तो कातून तयार मापाला आणणं) आणि पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो तो नमुना) अशा तीन फायलींत करण्यात जातो. एका फायलीत राहिला, की गेला माल स्क्रॅपमध्ये.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर सरळ उपाय आहे. मॉडेलमध्ये पार्ट एकदाच, 1:1 काढायचा. तयार मापाच्या रेघा ‘मशिन्ड’ लेयरवर (लेयर म्हणजे हवा तेव्हा दाखवता-लपवता येणारा रेघांचा थर). मशिनिंग होणाऱ्या बाजू ऑफसेटने 3 मिमी बाहेर घेऊन ‘रॉ’ लेयरवर. दोन्हींच्या मापांचे लेयरही वेगवेगळे. मग दोन लेआउट, म्हणजे छापायच्या शीट, करा: एक कास्टिंगचं, एक मशिनिंगचं. शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूपोर्टमध्ये, डबल क्लिक करून नको ते लेयर ‘व्हीपी फ्रीझ’च्या कॉलममधून बंद करा आणि व्ह्यूपोर्ट लॉक करा. साधं ‘फ्रीझ’ दाबलंत तर तो लेयर दोन्ही शीटवरून जातो, आणि पार्टीला मापांविना पीडीएफ पोचते.

बोअरच्या (मशिनिंगने नेमक्या मापाला आणायच्या भोकाच्या) बाबतीत अलाउन्स, म्हणजे मशिनिंगसाठी जास्त ठेवलेला तो 3 मिमी माल, आत येतो आणि तो दर बाजूला असतो, व्यासावर नव्हे. 40 मिमीच्या बोअरला रॉ भोक 34 मिमी, 37 नाही. ही चूक जुन्याजाणत्यांकडूनही होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पॅटर्नसाठी मूळ ड्रॉइंग स्केल करू नका. नवी फाइल उघडा, मूळ फाइल एक्सरेफ (बाहेरच्या फाइलचा जोडलेला संदर्भ) म्हणून जोडा आणि जोडतानाच युनिफॉर्म स्केल 1.01 द्या. ओतलेलं ग्रे आयर्न (बिडाचं लोखंड) थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून हा आकडा. स्टीलला ते 2 टक्क्यांच्या आसपास जातं, एसजी आयर्नला पॅटर्नवाल्याला विचारून ठरवा. या फाइलमध्ये माप टाकलं की 250 चं आपोआप 252.5 दिसतं, 34 च्या कोअरचं (साच्यात भोकाची जागा धरणाऱ्या गाभ्याचं) 34.34. कोअर प्रिंट, म्हणजे कोअर साच्यात टेकायच्या बैठका, मात्र इथेच वेगळ्या लेयरवर काढायचे, कारण ते कास्टिंगमध्ये नसतातच. मूळ पार्ट बदलला की एक्सरेफ रीलोड करा आणि मापांची टोकं अजून रेघेवरच आहेत ना, ते झूम करून पाहा.

पार्ट अचानक 25.4 पट मोठा किंवा तेवढाच लहान येतो तेव्हा एका फाइलचं युनिट इंच असतं. टेम्प्लेटमध्येच ‘इन्सयुनिट्स’ हे सेटिंग 4, म्हणजे मिलिमीटर, करून ठेवा.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी सवय एकच: मापावर हाताने आकडा टाइप करणं. घाईत 250 वर डबल क्लिक करून 255 लिहिलं, प्रिंट बरोबर दिसली, काम झालं. रेघ मात्र 250 वरच. सीएनसीवाला (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा माणूस) तुमची डीएक्सएफ, म्हणजे देवाणघेवाणीची ड्रॉइंग फाइल, घेतो. त्याचा प्रोग्राम रेघेवरून होतो, मजकुरावरून नाही. संशय आला तर माप निवडून कंट्रोल आणि 1 दाबा, ‘टेक्स्ट ओव्हरराइड’चा रकाना रिकामा करा. खरं माप बाहेर येतं. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलवर काम सुरू करण्याआधी निदान मोठी मापं तरी अशी तपासावीत.

हाताच्या वेगाचं म्हणाल तर फिलेटमध्ये (कोपरा गोल करण्याच्या कमांडमध्ये) दुसरी रेघ निवडताना शिफ्ट दाबा, त्रिज्या कितीही असली तरी टोकदार कोपरा मिळतो. ट्रिममध्ये (रेघ छाटताना) शिफ्ट दाबली की एक्स्टेंड होतं, म्हणजे रेघ वाढते. कमांडचे शॉर्टकट बदलायचे तर ते ज्यात लिहिलेले असतात त्या पीजीपी फाइलमध्ये. सेव्ह करून ‘रीइनिट’ ही कमांड चालवा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नवाल्याला पेनड्राइव्हवर नुसती पॅटर्नची फाइल दिली तर त्याच्याकडे मापंच उघडतात, पार्ट गायब. एक्सरेफ तुमच्याच कॉम्प्युटरवर राहिलेला असतो. ‘ई-ट्रान्समिट’ने सगळ्या जोडलेल्या फायलींसकट झिप करून द्या. कागदही द्यायचा असेल तर प्रिंट काढताना ‘फिट टू पेपर’ची खूण काढा, कारण एखादं माप सुटलं असेल तर पॅटर्नवाला पट्टी थेट कागदावर ठेवतो.