तुम्ही विचारलंत म्हणून: लव्हेरिएचे दोन ग्रह

भौतिकशास्त्र शिकवणं थांबलं, तरी कुठे बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, विज्ञानाची एक ठरलेली पद्धत असते ना? आणि नसेल, तर ज्योतिषाला विज्ञान म्हणायला काय हरकत आहे?" पहिल्या प्रश्नाला मी "नसते" म्हणतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं, दुसरा आपण जिंकला.

प्रयोगवहीत हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम असतो. उत्तर आधीच ठाऊक असेल तर तो छान चालतो. ठाऊक नसतं तेव्हा काय होतं, हे उर्बें लव्हेरिएकडे बघून कळतं.

युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. निरीक्षण जुळलं नाही तर सिद्धान्त सोडा, असं आपण मुलांना शिकवतो. पॅरिसच्या या गणितज्ञानं तो सोडला नाही. न्यूटन बरोबरच असणार असं धरून त्यानं पलीकडे एक न दिसलेला ग्रह कल्पिला, त्याची जागा काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालला कळवली. २३ सप्टेंबर १८४६ला पत्र पोचलं आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत!

मग बुधाची पाळी आली. त्याच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू गणितापेक्षा किंचित जास्त सरकतो. आजच्या आकड्यानुसार शतकाला ४३ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, तेव्हा फरक किती बारीक ते बघा. १८५९मध्ये लव्हेरिएनं जुनीच युक्ती काढली: सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं. सूर्यबिंबावरून एक ठिपका जाताना पाहिल्याचं एका फ्रेंच खेड्यातल्या डॉक्टरनं कळवलं. लव्हेरिए स्वतः त्याच्याकडे गेला, उलटतपासणी घेतली आणि स्वतःची खात्री पटून परतला. ग्रह नव्हताच. १९१५च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्व-सिद्धान्तातून त्या ४३ विकला आपसूक निघाल्या. या वेळी न्यूटनलाच मुरड घालावी लागली.

माणूस एकच, युक्ती एकच. १८५९मध्ये कुठल्या नियमानं त्याला सावध केलं असतं? मला तरी सुचत नाही. पॉल फायराबेंड या तत्त्वज्ञानं १९७५मध्ये हेच ठासून मांडलं: विज्ञानातला कुठलाही नियम घ्या, तो मोडल्यामुळेच कधीतरी पाऊल पुढे पडलेलं असतं. "काहीही चालतं" एवढंच त्याचं लोकांच्या लक्षात राहिलं. शोध कसा लागावा याबद्दल मी त्याच्या बाजूचा आहे. पण व्हल्कन आकाशात शोधता येत होता, आणि शोधणाऱ्यांना तो सापडला नाही, हे लव्हेरिएच्या मोठ्या नावानंही झाकता आलं नाही. कल्पना कुठूनही येवो, तपासणीतून तिची सुटका नाही. ज्योतिषालाही हीच तपासणी लावायची.

१९७५मध्येच १८६ शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध पत्रक काढलं, तेव्हा अभ्यास न करताच सह्या ठोकल्यात म्हणून फायराबेंडनं त्यांना धारेवर धरलं. टोला रास्त होता. सही करण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम पुढे पुण्यात जयंत नारळीकरांनी केलं. (विश्वाचा उगम महास्फोटातून झाला हे ते मानत नसत, आणि त्याबाबत ते शेवटपर्यंत अल्पमतात होते. मला त्यांचं ते मत पटत नाही, पण त्यामुळे त्यांना कुणी अवैज्ञानिक म्हणावं हे त्याहून पटत नाही.) २००८मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं १०० हुशार आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या: कुठली कुठल्या गटातल्या मुलाची, ओळखा. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

यात पत्रिका कशी वाचावी, याचा एकही नियम ज्योतिष्यांवर लादलेला नव्हता. अंतःप्रेरणेनं वाचा, गणितानं वाचा, स्वप्नात उत्तर आलं तरी चालेल. तेवढीच मोकळीक मी आजही द्यायला तयार आहे, फक्त उत्तरांचं पाकीट आधी बंद व्हायला हवं आणि किती बरोबर आली तर मान्य करायचं, तो आकडाही आधीच लिहून ठेवायला हवा. विचारणाऱ्यांपैकी कुणाला हौस असेल तर पत्रिका जमवायला मी मदत करीन.