सकाळी पाच मिनिटे येणारा आवाज

साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या १९८९ च्या बुलेट ३५० मोटारसायकलच्या थंड इंजिनातून येणारी टिकटिक ऐकण्यासाठी मी, त्यांचा मिस्त्री, डिसेंबरातल्या एका सकाळी सहा वाजता त्यांच्या घरी गेलो, कारण तो आवाज माझ्या गॅरेजमध्ये कधी येतच नसे. सहा किलोमीटर चालून येईपर्यंत इंजिन तापलेले असे आणि आवाज नाहीसा झालेला असे. याच तक्रारीवर दुसऱ्या एका गॅरेजने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, ओव्हरसाइझ पिस्टन बसवला होता, तरीही आवाज जसाच्या तसा होता.

किक मारण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असतानाच, मी टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे, झाकण उघडले. या जुन्या बुलेटला टॅपेटमधली फट तपासायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. पिस्टन कॉम्प्रेशनवर सर्वांत वर आणून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत जाणारा दांडा, दोन बोटांत धरला की तो मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. दोन्ही रॉड तसेच होते, म्हणजे आवाज टॅपेटचा नव्हता. मग पिस्टन किकसाठी योग्य जागी यावा म्हणून अँमीटरचा काटा मध्यावर आणून, कॉम्प्रेशन सोडून किक हलकी करणारा डीकॉम्प्रेसर दाबून गाडी सुरू केली आणि लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून त्याचे टोक आधी इंजिनाच्या तळाच्या क्रँककेसवर, नंतर बिडाच्या सिलिंडरवर आणि शेवटी सिलिंडरवरच्या हेडवर टेकवले. पिस्टन थंडपणी आपटतो तेव्हा सिलिंडरमधून जड, बोदी ठकठक येते. इथे सिलिंडर जवळजवळ शांत होता आणि टिकटिक कोरडी, धारदार, हेडच्या पुढच्या बाजूने येत होती. रेस दिल्यावर ती अधिकच तीव्र झाली. धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाइप हेडमध्ये जिथे शिरतो तिथे ओले फडके दाबून धरले, तर आवाज दबला. फडके काढले, पुन्हा आला. तिथल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंखांवर काजळीचा पट्टाही होता. गॅस तिथून फुटत होता आणि धातू तापून फुगला की ती फट आपोआप बुजत होती.

आवाज कधीपासून येतो, हे सरांना कोणीही विचारले नव्हते. मी विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "सायलेन्सर बदलला तेव्हापासून, मिस्त्री." नव्या सायलेन्सरच्या पट्टीचे भोक दोन सूत मागे होते आणि बोल्ट बसवण्यासाठी कोणीतरी सायलेन्सर ओढून आवळला होता, त्यामुळे बेंड पाइप हेडमधून थोडा बाहेर आला होता. भोक लांबवले, पाइपाचे तोंड घासून साफ केले, उष्णता सोसणारी पेस्ट लावून तो पूर्ण आत बसवला आणि ताण न देता बोल्ट आवळले. सगळे मिळून पाऊण तास लागला.

मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. बोअर करण्यापूर्वी सरांनी मोबाइलवर या आवाजाचे रेकॉर्डिंग मला पाठवले होते आणि मी ते गॅरेजच्या गोंगाटात एकदाच ऐकून "पिस्टनच आहे" असे कळवले होते. मोबाइलमधून येणाऱ्या आवाजाला जागा नसते, तो हेडचा की सिलिंडरचा हे कळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ७० मिलिमीटरचा मूळ बोअर एकदा कापला की तो परत मिळत नाही. सरांनी हा विषय काढला नाही, मीच काढला. तेव्हा त्यांनी आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पिस्टन आणून माझ्या हातात दिला. त्याच्या स्कर्टवर, म्हणजे सिलिंडरला घासणाऱ्या खालच्या घेरावर, एकही ओरखडा नव्हता.