नवस राहिलाय

आज आईने परत आठवण केली, "तुझा नवस फेडायचा राहिलाय ना गं?" बाबांच्या बायपासला परवा चार महिने होतील. मी हो हो म्हणलं आणि भांडी लावत बसले. काय सांगणार तिला.

मी देव मानत नाही हे घरात सगळ्यांना माहितीये, कॉलेजपासूनचं आहे ते, भांडणंही झालीत त्यावरून. पण त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटीबाहेर) सहा तास बसले होते ना, आधी तासभर मोबाईल, मग चहा, मग कुणाकुणाचे फोन, आणि नंतर करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा कधीतरी लक्षात आलं की आपण मनातल्या मनात रामरक्षा म्हणतोय. वीसेक वर्षं म्हणली नव्हती. मधे अडलं की परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला तर चक्क बोलून बसले, बाबा नीट घरी येऊदेत, एकवीस मोदक करीन. तेही उकडीचे, जे मला येत नाहीत!

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अडचणीत माणूस देवाकडे वळतो म्हणतात. गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगितलेत त्यात आर्त, म्हणजे संकटात सापडलेला, पहिलाच. क्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ मधे भूकंप झाला, १८५ माणसं गेली, आणि न्यूझीलंडमधे लोकांचा एक मोठा सर्व्हे आधीपासूनच चालू होता म्हणून भूकंपाच्या आधीचं नंतरचं दोन्ही ताडून बघता आलं, तर बाकी देशात धर्म मानणारे कमी होत होते आणि ज्यांना भूकंपाची झळ बसली त्यांच्यात मात्र थोडे वाढलेले. म्हणजे काहीतरी आहे त्यात.

पण मला राहून राहून तुकाराम आठवतात. १६३० चा तो दुष्काळ, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दुकान बुडालं. दुःख झालं म्हणून विठ्ठलाकडे वळले असं आपण सरळ सांगून टाकतो. अहो पण वारी त्या घरात कित्येक पिढ्यांची होती की! आणि त्याच घरात आवलीही होती, त्यांची दुसरी बायको, हाल तिनेही काढले, पोरांच्या तोंडात काय घालायचं ही चिंता तर तिचीच, आणि गोष्टींमधे ती त्या काळ्याला शिव्या घालते. चूल एकच.

माझी आत्या आवलीच्याच वाटेने गेली. तीस वर्षं गुरुवार केले तिने, मग दादा गेला. आता तिच्या ताम्हणात गाडीच्या किल्ल्या असतात.

मला वाटतं संकटात नवीन काही उगवत नसावं, आत जे मुरलेलं असतं तेच वर येतं. माझ्यात आजी मुरलेली, दिवेलागणीला रामरक्षा झाल्याशिवाय ताट मिळायचं नाही. ओटीबाहेर शेजारी एक काका होते, बायकोचं ऑपरेशन चालू आणि हे सहा तास सुडोकू सोडवतायत. मला तेव्हा राग आला होता त्यांचा, उगाचच.

बाबा घरी आल्यापासून मी एकदाही रामरक्षा म्हणलेली नाही. आभार मानले ते सर्जनचे. पण ते मोदक काही डोक्यातून जात नाहीत, दुकानातून आणले तर चालतात का हेही एकदा गूगल करून झालं.

आत्ता पाणी प्यायला गेले तर ओट्यावर तांदळाच्या पिठीचा पुडा आणि दोन नारळ. आईने काही न बोलता आणून ठेवलेत. रविवारी सुट्टी आहे मला.