फुलीवरची सही

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मी शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीची, धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, भागीदार झाले. म्हणजे कागदावर. रात्री जेवणं आटोपल्यावर आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, फाईल पुढे सरकवली. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, तिथे तिथे मी सह्या केल्या. एम.कॉम. झालेली मी, पण एक पान वाचलं नाही. नव्या सुनेने वाचत बसणं बरं दिसलं नसतं. साल 2011. त्यातल्या दोन सह्या बँकेच्या हमीपत्रावर होत्या, हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

आमच्याकडे हे घरोघरी चालतं. टॅक्सच्या सोयीसाठी बायको भागीदार, कर्जाला बायको जामीन, आणि चेकवर सही पुरुषांची.

कारखान्यात मी पाऊल ठेवलं ते 1 जुलै 2017 नंतर. जीएसटी आला आणि तीस वर्षं एक्साइजची रजिस्टरं लिहिणारे आमचे अकाउंटंट काका पार गांगरले. मशिनिंगला, म्हणजे यंत्रावर कातून घ्यायला, बाहेर गेलेला माल, त्याची चलनं, परत किती आला, कशाचाच कशाला मेळ लागेना. "दोन महिने ये, घडी बसली की सुटलीस," असं हे म्हणाले. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत.

रिटर्न भरणं हे काही फार मोठं काम नव्हे, ते कुणीही शिकतं. मला खरं खेचलं ते कॉस्टिंगने, म्हणजे एकेका नगाला खरा खर्च किती येतो त्या हिशेबाने. फाउंड्रीवाले किलोत बोलतात. कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या भागाचं, वजन गुणिले रेट, झाला हिशेब. मी सुपरवायझरच्या मागे मागे फिरून शॉपफ्लोअरवर महिनाभर वही भरली. (पहिल्या दिवशी भट्टीसमोर सिंथेटिक साडी नेसून उभी राहिले होते. सुपरवायझर काही बोलला नाही, मला फक्त दहा पावलं मागे नेलं.) तेव्हा समजलं, आमच्याकडे 100 किलो धातू ओतला तर विकायला माल जेमतेम 65 किलो, बाकीचा रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांमध्ये गोठलेला भाग, परत भट्टीत. एक टन वितळवायला साधारण 600 युनिट वीज म्हणतात, पण विकलेल्या टनामागे ती नऊशेच्या वर जाते. त्यात कोअरचं काम (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशिनिंग झाल्यावर उघडं पडणारं ब्लोहोल, आत अडकलेल्या वायूचं भोक. तो पीस तर जातोच, वर गिऱ्हाईक मशिनिंगच्या खर्चाची डेबिट नोट पाठवून तेवढे पैसे आमच्याकडून कापतं.

सगळं मांडल्यावर दिसलं, ज्या पंपाच्या केसिंगचं, बाहेरच्या कवचाचं, घरात कौतुक होतं, त्याच्या प्रत्येक नगावर आम्ही तोटा खात होतो. जेवताना हे सांगितलं. दीर मार्केटिंग बघतात, ते म्हणाले, "वहिनी, कागदावर फाउंड्री चालत नसते." आबांनी वही मागून घेतली, चष्मा लावला. "भंगाराचा भाव कधीचा धरलायस?" भंगार हाच आमचा कच्चा माल, आणि मी भाव मागच्या महिन्याचा धरला होता. "या आठवड्याचा धर." धरला, तर तोटा आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आबा स्वतः गिऱ्हाइकाकडे गेले. दोन पार्टचे रेट वाढवून आणले, केसिंग सोडून दिलं.

मग 2020. भट्ट्या थंड. सरकारच्या हमीवर तातडीचं कर्ज निघालं होतं. 29 फेब्रुवारीच्या कर्जबाकीच्या 20 टक्के, वेगळं तारण नाही, पहिलं वर्ष फक्त व्याज. मी बँकेत फोन केला. "मॅडम, साहेबांना द्या ना." ह्यांनी फोन घेतला, "हिशेब तिच्याकडेच आहे," म्हणाले आणि परत माझ्या हातात दिला. त्याच कर्जासाठी जुनी फाईल उघडली आणि हमीपत्रावर माझी सही बघितली. अक्षर किती नीटनेटकं होतं!

आबांना म्हटलं, "बुडालो तर माझे दागिनेही जाणार. मग चेकवर सही माझी का नाही?" ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांना सांगून बँकेचा फॉर्म त्यांनीच मागवला.

तेव्हापासून पैशाचं सगळं माझ्याकडे. सगळंच जमलं असं नाही. 2023-24 पासून आयकरात नियम आला, लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवलं नाही, तर पैसे देईपर्यंत घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट नाही. हा नियम लागू नये म्हणून एका गिऱ्हाइकाने आम्हालाच उद्यम नोंदणी, लहान उद्योग म्हणून असलेली आमची सरकारी नोंद, रद्द करायला सांगितलं. मी नकार दिला. ते गेलं, परत आलेलं नाही. दीर अधूनमधून ते काढतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

यंदा लिमिटच्या, बँकेच्या कर्जमर्यादेच्या, नूतनीकरणाला धाकटी जाऊ पहिल्यांदा बँकेत आली. पुन्हा तीच फाईल, त्याच पेन्सिलीच्या फुल्या. तिने पेन उचललं, मी कागद तिच्याकडे फिरवला. "आधी वाच." मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागले. चौथ्या पानावर ती थांबली. "ताई, हे 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' म्हणजे काय हो?"

मॅनेजरांनी दुसरा चहा सांगितला.