निझव्याचा फलज
ओमानमधील निझवा शहराजवळचा दारिस फलज, म्हणजे पाणी वाहून आणणारा पारंपरिक पाट, पाहताना मला सर्वाधिक नवल वाटले ते पाणीवाटपाचे. भूगर्भातील पाणी पंपाविना, केवळ उताराच्या जोरावर वस्तीत येते आणि आधी पिण्यासाठी, मग मशीद व स्नानासाठी वापरले जाऊन शेवटी खजुराच्या बागांना मिळते. शेतकऱ्याचा वाटा वेळेच्या हिशेबाने ठरतो; ही वेळ पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजली जाई. (बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या आपल्या खानदेशातील फड पद्धतीची आठवण येथे होणारच.) काही पाळ्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून पाटाची डागडुजी चालते. २००६ साली युनेस्कोने दारिससह पाच फलजांना जागतिक वारशात स्थान दिले, हे योग्यच झाले. मात्र पंप लावलेल्या विहिरींमुळे भूजल खालावत असताना एवढा सन्मान मला अपुरा वाटतो.