फाटकाबाहेर जमलेलं गाव

सप्टेंबर २०२२ मधले ते दिवस शाळेत नोकरी करणाऱ्या कुणालाही आठवत असतील. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज राज्यभर फिरत होते. मुंबई पोलिसांनाही ह्या अफवा आहेत असं जाहीर करावं लागलं होतं. त्यातच १३ सप्टेंबरला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारे समजून बेदम मारलं. साधू पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. निमित्त एवढंच. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, जतपासून फार लांब नाही. त्या मारहाणीचा व्हिडिओ आमच्याकडे घराघरात पोचला होता.

मी तिथल्या हायस्कूलची मुख्याध्यापिका. पाचवी ते दहावी, पटावर सहाशेच्या वर मुलं. त्यातली निम्मी तरी वाड्यावस्त्यांवरून येतात, कुणी सायकलवर, कुणी एसटीने, कुणी चालत. आईवडील दिवसभर रानात किंवा कामावर असतात.

लवंग्याच्या प्रकारानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. मधली सुट्टी संपून पाचवा तास सुरू झाला होता. ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे एक आई होती. "मॅडम, आपल्या शाळंतली पोरगी गाडीत घालून न्हेली म्हणत्यात, खरं हाय का?" तो फोन ठेवतेय तोवर माझा मोबाईल वाजला, मग क्लार्कचा. पाच मिनिटांत एका सरांनी मला ती क्लिप ऐकवली. धापा टाकत बोलणारा कुणी तरुण होता. हायस्कूलच्या फाटकातनं पोरगी पांढऱ्या गाडीत टाकून नेली, आपापली लेकरं घरी घेऊन जावा, मेसेज पुढं पाठवा. नाव नाही, वेळ नाही, पण आवाजातली घाबरगुंडी खरी वाटत होती.

"असं काही झालेलं नाही" असं म्हणणं त्या क्षणी सगळ्यात सोपं होतं. सहकारी तेच सांगत होते, ग्रुपवर टाका की अफवा आहे म्हणून. पण मला ते माहीत नव्हतं. सहाशे मुलांमधली प्रत्येक जण जागेवर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय शाळेने तोंड उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. एकदा शाळा चुकीचं बोलली की पुढे तिचं खरंही कुणी ऐकत नाही. म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं: "मेसेज आमच्यापर्यंत आला आहे. प्रत्येक वर्गाची मोजणी सुरू आहे. झाली की लगेच कळवते." खाली माझं नाव.

प्रत्येक वर्गशिक्षक आपला कॅटलॉग घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. सकाळची हजेरी आणि आत्ता बसलेली मुलं ताडून पाहायची आणि चिठ्ठी वर्गप्रतिनिधीकडून ऑफिसात पाठवायची. गैरहजर मुलांच्या घरी क्लार्क फोन लावत होते. चिठ्ठ्या येत गेल्या. बरोबर, बरोबर, बरोबर. मग सहावी ब ची आली. एक मुलगी कमी.

मी फाटकाजवळच्या टेबलावरची नोंदवही मागवली. शाळा सुटण्याआधी मूल बाहेर जाणार असेल तर त्यात नोंद होते आणि ती आमचे शिपाईमामा स्वतःच्या हाताने करतात. अक्षर वाकडं, पण एकही रकाना रिकामा नसतो. मुलीचं नाव, इयत्ता, कारण पोटदुखी, नेणारा चुलता, त्याचा फोन नंबर, वेळ, सही. शेजारी वर्गशिक्षिकेची सही आणि "आईशी फोनवर बोलणे झाले" हा शेरा. चुलत्याची गाडी पांढरीच होती. पोर पोट धरून रडत रडत गाडीत बसली होती. फाटकासमोरच्या टपरीवरून कुणीतरी नेमकं तेवढंच पाहिलं होतं.

मी चुलत्याला फोन लावला. ते तालुक्याच्या दवाखान्यात होते, मुलीला सलाईन लावलं होतं. मग आईशी बोलले आणि विचारलं, लोकांना सांगू का? ती म्हणाली, "सांगा की मॅडम, नाव बी सांगा." नाव मी सांगितलं नाही.

तोवर फाटकाबाहेर गाव जमलं होतं. मोटारसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या. खुरपणी सोडून आलेल्या बाया, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच, एकीच्या हातात खुरपं. फाटक हलवणं चाललं होतं. काही शिक्षकांचं म्हणणं पडलं की शाळा सोडून द्यावी, म्हणजे आपल्या डोक्याचा ताप जाईल. मी नाही म्हटलं. सहाशे मुलं एकदम त्या गर्दीत आणि गाड्यांमध्ये सोडायची? वस्तीवरच्या मुलींची एसटी सव्वापाचला येते, तोवर त्यांनी कुठे उभं राहायचं? पोर हरवायचीच असती तर ती त्या गोंधळात हरवली असती.

मग फाटकातलं छोटं दार तेवढं उघडलं आणि दारात टेबल टाकलं. मूल न्यायचं असेल त्याने नाव सांगायचं. वर्गशिक्षक मुलाला घेऊन येणार, मुलाला विचारणार, "हे तुझे कोण?" आणि मग सही किंवा अंगठा. ज्यांना थांबायचं नाही त्यांना मूल द्यायचं, बाकीच्यांचं मूल नेहमीच्या वेळेपर्यंत शाळेत. शेजाऱ्यांची तीन पोरं नेतो म्हणणाऱ्याला, त्यांच्या आईबापांशी फोनवर बोलणं झाल्याशिवाय, एकही मिळणार नाही. ह्यावरून एका गृहस्थांनी माझा चांगलाच उद्धार केला. गावात त्यांना मान आहे. मी ऐकून घेतलं, पोरं दिली नाहीत.

मी फाटकाच्या आतून खुर्चीवर उभी राहून सगळी हकिगत सांगितली. पुढच्या चार ओळींनी ऐकली असेल, मागे पोचली नाही. आणि खरं सांगायचं तर अशा वेळी शाळेचं माणूस शाळेची बाजू घेणार असंच लोक धरून चालतात. लोकांना पटलं ते त्या मुलीच्या आजीमुळे. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई, तिला न ओळखणारं माणूस गावात नाही. सुनेचा फोन आल्यावर ती तडक शाळेकडे आली आणि गर्दीत शिरून खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी नात हाय ती! पोटात दुखत हुतं, चुलत्यानं दवाखान्यात न्हेलीया. कुणी पळवली न्हाई का काय न्हाई. व्हा बाजूला, लेकरांस्नी वारा येऊ द्या!"

एका मॅडमनी आजीला विचारून तिचा आवाज रेकॉर्ड केला आणि सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर टाकला. घाबरलेल्या आवाजातली क्लिप गावभर फिरली होती, तिच्या मागोमाग ओळखीच्या आवाजातली क्लिप धावली. लिहिलेल्या मजकुराने हे काम झालं नसतं. पण वस्त्यांवर साधे फोन असलेली माणसं पुष्कळ. त्यांच्यासाठी पोलीस पाटलांनी ग्रामसुरक्षा यंत्रणेवरून निरोप सोडला. एका माणसाने फोन लावून बोलायचं आणि तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी कॉल होऊन वाजायचा, अशी ती सोय आहे. चोर आले, बिबट्या आला, पूर आला की वापरतात. देवळाच्या भोंग्यावरूनही पुकारलं. तासाभरात गर्दी अर्ध्यावर आली.

ती ओसरत असतानाच चटईवाला आला. मोटारसायकलवर प्लास्टिकच्या चटयांचा भारा, दारोदार फिरून विकणारा. काय चाललंय म्हणून थांबला. कुणीतरी विचारलं, कुठला रे तू? तो हिंदीत बोलला. झालं, गर्दी फाटकाकडून त्याच्याकडे वळली. एकाने गाडीची चावी काढून घेतली, दुसऱ्याने कॉलर धरली, मोबाईल वर झाले. मी ११२ ला आधीच फोन केला होता, पण पोलीस तालुक्याहून यायचे होते.

आमचे शिपाईमामा अंगाने काटकुळे, निवृत्तीला टेकलेले. ते टेबलामागून उठले, छोट्या दारातून बाहेर गेले, त्या माणसाच्या गाडीचं हँडल धरलं आणि मोठ्याने म्हणाले, "ह्यो माझ्याकडं आलाय. चटई मागवलीया मी." कसली चटई मागवली होती! पण मामांना गावात सगळे ओळखतात, निम्म्या जमावाला त्यांनी लहानपणी ह्याच फाटकात अडवलेलं. कॉलर धरणाऱ्याचा हात सैल झाला. मामांनी माणसाला दंडाला धरून सरळ आमच्या ऑफिसात आणून बसवलं.

"त्याला आत कशाला घेतला?" असा ओरडा झाला. प्रश्न रास्त होता, संशय असलेला परका माणूस शाळेत घेणं ही साधी गोष्ट नाही. मी जाळीतून सांगितलं की ऑफिस वर्गांपासून वेगळं आहे, दाराला मधून लोखंडी जाळी आहे, मुलं वर्गात आहेत, पोलीस येईपर्यंत हा माणूस माझ्या जबाबदारीवर आहे. आत तो माणूस स्वतःबद्दल काही विचारत नव्हता. पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, गाड़ी पे माल है." चटया उधारीवर आणलेल्या होत्या. मामा परत बाहेर गेले आणि भाराही घेऊन आले.

पोलिसांनी आधार कार्ड पाहिलं, त्याला माल देणाऱ्या तालुक्यातल्या दुकानदाराशी बोलले. बरीच वर्षं तिथे खोली करून राहणारा माणूस होता. ते त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेले. त्याची मोटारसायकल रात्री शाळेच्या व्हरांड्यात राहिली.

नववीतला एक मुलगा बराच वेळ ऑफिसबाहेर उभा होता. मला वाटलं घरी जायचं असेल. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या बाबांना फोन लावता का?"

"न्यायला बोलवायचंय?"

"नाही. ते बीडकडं गेलेत. त्यांना सांगायचंय, गावात जाऊ नका."

मुलगा नाथपंथी डवरी गोसावी समाजातला. वडील गावोगाव भिक्षा मागत फिरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे म्हणून मारून टाकलं, ते पाचही जण ह्याच समाजाचे आणि त्यातले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा भागातले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं होतं. आमच्या मुलांपैकी बहुतेकांना राईनपाडा हे नावही माहीत नव्हतं. ह्या मुलाला ते पाचवीत असल्यापासून माहीत होतं. बाकी सगळ्या घरांत भीती होती की आपलं मूल कुणी नेईल. ह्याला भीती होती की आपल्या बापाला कुणीतरी मुलं नेणारा समजेल. आणि त्याने चटईवाल्याला खिडकीतून पाहिलं होतं.

फोन लागायला वेळ लागला. वडील पालावरच होते. म्हणाले, "आम्ही चार दिवस झालं बाहेरच पडलो न्हाई. ठाण्यात नावं देऊन आलोय. पोराला म्हणावं, अभ्यास कर." मी फोन मुलाच्या हातात दिला आणि ऑफिसाबाहेर जाऊन उभी राहिले.

क्लिप करणारा तरुण पोलिसांना लगेच सापडला. त्याची पुतणी आमच्याच शाळेत होती. त्याने रडणारी मुलगी खरंच पाहिली होती, मात्र फाटकाशी येऊन एक शब्द विचारला नव्हता. तेव्हा अफवा पसरवण्याला भारतीय दंड संहितेचं कलम ५०५ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेत ३५३ आहे. पोलिसांनी समज देऊन सोडलं. मला ते बरोबर वाटलं, काही पालकांना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठवी ते दहावीच्या वर्गांत तोच मेसेज शब्दन् शब्द फळ्यावर लिहिला. मुलांनीच विचारायचं होतं: कोण बोलतंय, कुठल्या दिवशी, मुलीचा वर्ग कुठला, पोलीस ठाण्याचं नाव आहे का, गाडीचा नंबर आहे का. तास संपेपर्यंत फळा प्रश्नचिन्हांनी भरला. दहावीला राईनपाडा आणि लवंगा दोन्ही सांगितलं. त्या नववीतल्या मुलाच्या वर्गात मी ते सांगितलं नाही. त्याला आधी विचारलं होतं, तो नको म्हणाला.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला एवढी माणसं आम्ही पंधरा ऑगस्टलाही पाहत नाही. काय ठरलं ते लांबण लावत नाही. वर्गांच्या ग्रुपवर आता फक्त शाळाच लिहू शकते, पण प्रश्न विचारायला ऑफिसचा एक नंबर शाळेच्या वेळेत सतत चालू असतो. हा नंबर नसता तर नुसता ग्रुप बंद करून लोकांचं तोंड दाबल्यासारखं झालं असतं. प्रत्येक वस्तीवर एका बाईने निरोप पोचवायची जबाबदारी घेतली आहे. बायाच हव्यात हा आग्रह माझा, कारण दुपारी घराघरात जाऊन सांगणं त्यांनाच जमतं. मूल न्यायला येऊ शकतील अशा तीन माणसांची नावं पालक जूनमध्येच लिहून देतात.

सगळ्यात किचकट काम आहे फोन नंबरांचं. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. पोरं आजीआजोबांकडे राहतात, सिमकार्ड बदलतात, मुकादमाचा नंबर तेवढा चालू असतो. म्हणून ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या आधी, वर्गशिक्षक वस्तीवर जाऊन प्रत्येक मुलाचे नंबर नव्याने घेतात: घरी राहणाऱ्याचा, आईचा किंवा वडिलांचा, मुकादमाचा. नंबर तिथेच लावून बघायचा, समोरचा फोन वाजला की मगच वहीत उतरवायचा. यंदा सातवी अ आणि नववी ब चं राहिलंय, येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत.