भिंतीचा ताप

रंगारी आज पुन्हा आला. डबे खाली ठेवले आणि लहान मुलाचा ताप बघावा तसा भिंतीवर पालथा हात ठेवला. "अजून ओल आहे."

ही तिसरी खेप. ओल्या भिंतीवर रंग मारला तर आतलं पाणी बाहेर पडताना फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. घाई करून उपयोग नाही.

मी वैतागलो होतो, खरं सांगतो. सगळं सामान मधल्या खोलीत.

जाताना तो म्हणाला, "पावसाळ्यात आम्ही बसूनच असतो. तेव्हाचं उन्हाळ्यात कमावून ठेवायचं. यंदा उन्हाळ्यातच बसलोय."

परवाच मी 'भर उन्हाळ्यात काय मस्त गारवा!' म्हणून फोटो टाकला होता. काढून टाकू का?